न खोललेला लॅपटॉप

आमच्या शेजारच्या फिटरतात्यांच्या घरात आलेली कोणतीही नवी वस्तू पहिल्या दिवशी वापरली जात नाही. ती खोलली जाते. मिक्सर येवो, पंखा येवो, तात्या ओट्यावर पोतं अंथरतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि वस्तूचा एकेक भाग सुटा करून ओळीनं मांडतात. मग पुसतात, तेल देतात, पुन्हा जोडतात आणि मगच काकींना सांगतात, "आता वापरा." एकदा तर त्यांनी नव्या कोऱ्या चपलेचे टाके उसवून पुन्हा घातले. चप्पल त्यांची नव्हती, माझी होती. मी ती त्यांच्या ओट्यावर काढून आत काकींकडं विरजण मागायला गेले होते, तेवढ्या पाच मिनिटांत हा प्रकार झाला. मी अनवाणी घरी आले आणि चप्पल संध्याकाळी आली.

"तात्या, कंपनीनं तपासूनच दिलेलं असतं ना?" मी वैतागून विचारलं होतं.

"कंपनीनं दिलं म्हंजी कुनी दिलं? मानसानंच ना? त्या मानसाचं त्या दिशी घरी भांडान झालं आसंल तर? खोलल्याशिवाय कळत न्हाय, बाई."

मी इथल्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. माहेर इंदापूरचं, सासर बारामतीचं, त्यामुळं बोलण्यात मी सहसा कुणाला हार जात नाही. पण तात्यांपुढं माझं काही चालत नाही, आणि ती चप्पल पुढं तीन वर्षं टिकली हेही नाकारून चालणार नाही.

तात्यांचं नाव भगवान, पण कॉलनीत ते नाव फक्त लाइटबिलावर येतं. चौतीस वर्षं ते एका साखर कारखान्यात फिटर होते, तेही मिल हाउसमध्ये, म्हणजे जिथं ऊस चरकात जातो तिथं. तिथल्या घरघरीनं त्यांचा उजवा कान कायमचा गेला. डावा शाबूत आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं की हंगाम संपला, तोडणीवाले बैलगाड्या घेऊन गावाकडं परतले की कारखाना झोपतो. तसं नसतं. हंगाम संपला की कारखाना खोलायला घेतात. रोलर, साखळ्या, पंप, सगळं सुटं करायचं, झिजलेलं बदलायचं, पुन्हा जोडायचं. अख्खा पावसाळा त्यात जातो आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवतात. याला ते ओव्हरहॉलिंग म्हणतात. चौतीस पावसाळे ज्यानं हेच केलं त्याला वाटणारच, की खोलून जोडल्याशिवाय कोणतीच गोष्ट भरवशाची नाही.

निवृत्त झाल्यावर कारखान्याचं ओव्हरहॉलिंग त्यांनी घरावर आणलं. जूनमध्ये शिलाई मशीन, जुलैत सायकल, ऑगस्टमध्ये पाण्याची मोटार. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या दातांची कवळी कानशीनं घासून 'सेट' केली आणि पुढचे पंधरा दिवस घरात मऊ भात शिजला. काकींचं माहेर कऱ्हाटीचं. मोजकं बोलतात, पण नेमकं बोलतात. त्या मला म्हणाल्या, "माझं नशीब, लगीन झालं तवा हे नुसते हेल्पर व्हते. फिटर असते तर मलाच खोलून बघितलं असतं."

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी हसलेही आहे. पण ज्याला हसू येत नव्हतं असा एक माणूस त्या घरात होता. त्यांचा मुलगा, संदीप.

संदीप लहानपणापासून बापाच्या हाताखाली वाढला आणि हातानं चांगला होता. सायकलची चेन बसवायचा, इस्त्रीची वायर बदलायचा. बसवून झालं की तात्या यायचे, बघायचे, काही बोलायचे नाहीत, आणि ते सगळं पुन्हा सोडून पुन्हा बसवायचे. चूक असायचीच असं नाही. बहुतेक वेळा नसायचीच. पण पोरानं आवळलेला नट बापानं सोडला नाही असं त्या घरात एकदाही झालं नाही. तात्यांना कारखान्यात कुणी तरी सुपरवायझर असाच भेटला असणार आणि त्यांना वाटत असणार की शिकवणं यालाच म्हणतात.

संदीप शिकला, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. बारामतीहून पुणं काही परदेश नव्हे. सकाळच्या गाडीला बसलं की जेवायच्या आत माणूस पोचतो. सुरुवातीला तो महिन्यातून एकदा यायचा. मग चार वर्षांपूर्वी त्यानं आईसाठी पाणी शुद्ध करायचं मशीन आणलं आणि सगळी सकाळ खपून ते स्वयंपाकघरात भिंतीला बसवलं. आंघोळ करून बाहेर येतो तर मशीन खाली, पोत्यावर, सुटं. तात्या एकेक नळी पुसतायत. संदीपनं बॅग भरली आणि काकींनी केलेल्या पुरणपोळ्या तशाच ठेवून दुपारच्या गाडीनं गेला. तेव्हापासून तो फक्त दिवाळीला येतो. पाडव्याला सकाळी येणार, संध्याकाळी जाणार, आणि घरातल्या कशाला हात म्हणून लावणार नाही. ट्यूब लुकलुकत असली तरी तिच्याखाली बसून जेवेल.

तात्या याविषयी कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. काही ठिकाणी माझीसुद्धा जीभ आवरते.

तर यंदा गणपतीच्या आधी कुरिअरनं एक खोकं आलं. संदीपनं तात्यांसाठी लॅपटॉप पाठवला होता. काकींना पोराचं तोंड दिसावं, तात्यांना मोठ्या अक्षरात पेपर वाचता यावा, असं त्यानं फोनवर आईला सांगितलं. मी कुतूहलानं गेले तर ओट्यावर पोतं अंथरलेलं, लॅपटॉप त्यावर पालथा, आणि तात्या पेचकस घेऊन त्याच्या बारीक बारीक स्क्रूंकडं बघतायत.

मी जवळजवळ ओरडलेच. "तात्या, खोलाल तर वॉरंटी जाईल."

वॉरंटी या शब्दाला तात्या मानतात. पेचकस खाली आला, पण चेहरा असा झाला की मला वाईट वाटलं. म्हणाले, "मग ह्याचं करायचं काय? तसंच वापरायचं?"

आणि इथं मी माती खाल्ली. शिक्षकाला एक खोड असते, समोरच्याला काही तरी माहिती दिल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणाले, "बॉडी नाही खोलता येणार. पण आतलं सॉफ्टवेअर सगळं काढून पुन्हा नव्यानं बसवता येतं."

तात्यांचे डोळे चमकले. "सगळं निघतं?"

"सगळं. पाटी कोरी होते. मग पहिल्यापासून एकेक टाकायचं."

"म्हंजी ओव्हरहॉलच की वो. मग आदी सांगायचं न्हाय का?"

रविवारी सकाळी तात्या माझ्या घरी हजर. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला. दुसऱ्या हातात स्टीलचं मोठं ताट, आणि ताटात एक स्वच्छ फडकं.

"ताट कशाला, तात्या?"

"आतलं काढलं की ठिवायचं कुठं? ज्या क्रमानं निघंल त्या क्रमानं मांडून ठिवायला पायजे. न्हायतर जोडताना एखादा पार्ट उरतो."

मी पदर तोंडाला लावून आत पाणी आणायला गेले, तिथं मनसोक्त हसून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले. त्यांना समजावून सांगितलं की सॉफ्टवेअर ताटात मावत नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही. ताट त्यांनी मांडीवरच ठेवलं, वेळ आली तर असावं म्हणून.

पुसण्याआधी आत काय आहे ते बघावं, एवढी शिस्त मलाही आहे. मी लॅपटॉप चालू केला. आणि मला जरा थांबावंच लागलं.

नवा लॅपटॉप कसा येतो ते मला माहीत आहे. शंभर नको त्या गोष्टी, जाहिराती, इंग्रजीतून प्रश्नांवर प्रश्न. यात तसलं काही नव्हतं. निळा स्वच्छ पडदा. त्यावर ठळक मराठीत चारच खुणा: 'संदीप', 'पेपर', 'आईचं कीर्तन', 'हवामान'. अक्षरं हरभऱ्याएवढी. माउसचा बाण लाल आणि भला मोठा, कारण तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. हे एका बैठकीत होणारं काम नव्हतं. पोरानं किती तरी संध्याकाळी घातल्या असणार. आणि पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक फाइल होती. नाव होतं, 'तात्या, खोलण्याआधी वाचा'.

"काय हाय त्ये?" तात्यांनी विचारलं.

"संदीपनं तुमच्यासाठी काही तरी लिहिलंय."

"मग वाचा की. डाव्या अंगाला या, हिकडनं वाचा."

मी त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची घेतली आणि वाचायला लागले.

'तात्या, तुम्ही हे सगळं काढून पुन्हा बसवणार हे मला माहीत आहे. शेजारच्या वहिनींकडून करून घ्या, त्यांना येतं. मी कोणत्या क्रमानं बसवलं ते खाली लिहितोय, म्हणजे त्यांना अडचण येणार नाही आणि काही राहणार नाही. एक. कंपनीनं आत भरून दिलेलं सगळं काढून टाकलं. त्याचा भरवसा वाटला नाही. दोन...'

"थांबा," तात्या म्हणाले. "एक नंबर पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. कंपनीनं आत भरून दिलेलं सगळं काढून टाकलं. त्याचा भरवसा वाटला नाही.

तात्यांनी खालचा ओठ दातांत धरला. हसू दाबत होते की दुसरं काही, ते मला समजलं नाही. "कंपनीचं त्यानंबी खोललं व्हय," एवढंच म्हणाले. मी पुढं वाचत गेले. अठरा ओळी होत्या, प्रत्येकीपुढं केलेलं काम आणि ते का केलं त्याचं कारण. शेवटची ओळ होती, 'अठरा. आवाज मोठा ठेवलाय. माझं काही चुकलं असलं तर तुम्ही कराल ते बरोबर.'

मी वाचायचं थांबले. तात्या मांडीवरच्या ताटाकडं बघत बसले होते. वास्तविक शेवटची ओळ किती साधी आहे. पण बत्तीस वर्षांच्या पोरानं हे लिहावं याचं मला फार वाईट वाटलं, आणि त्याच्या बापाचा रागही आला. तो राग मी बोलून दाखवणार होते. तेवढ्यात तात्या म्हणाले, "मिटा त्ये."

"म्हणजे?"

"मिटा. ऱ्हाऊ द्या. काय पुसायचं न्हाय."

आता खरी पंचाईत पुढंच होती. मी सहज म्हणून काकींचं कीर्तन लावून बघितलं, तर आवाज फक्त उजव्या बाजूनं येत होता. डावी बाजू मुकी. मी तासभर खटपट केली. कंपनीचं सगळं उपटताना संदीपच्या हातून आवाजाचंही काही तरी उपटलं गेलं होतं, आणि त्यानं कानाला हेडफोन लावून काम केलं असणार, म्हणून त्याला ते समजलं नव्हतं. वरवरच्या मलमानं भागत नव्हतं. सगळं काढून पुन्हा टाकलं तरच सुधारलं असतं. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर बिघाड नसताना वस्तू खोलल्या, त्याच्यापुढं आता खराखुरा बिघाड होता, आणि खोलायला माणूसही तयार बसलेलं होतं.

मी त्यांना सगळं नीट सांगितलं. "तात्या, दोन तासांचं काम आहे. क्रम त्यानं लिहूनच दिलाय. तसंच्या तसं बसवून देते, त्याला पत्ताही लागणार नाही."

"मला लागंल की," तात्या म्हणाले. त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, ताट काखेत मारलं आणि गेले.

पुढं जे सुरू झालं ते बघायला कॉलनीतल्या लोकांना निमित्त काढून यावंसं वाटायचं. आवाज येणार लॅपटॉपच्या उजव्या बाजूनं. तात्यांचा उजवा कान गेलेला. तेव्हा डावा कान उजव्या बाजूला न्यायचा म्हणजे माणसानं पडद्याकडं पाठ फिरवल्यासारखं, तिरकं, मान वाकडी करून बसायचं. रोज संध्याकाळी साडेसातला संदीपशी बोलणं व्हायचं आणि संदीपला पुण्यात बापाचा फक्त कान दिसायचा. भला मोठा, पांढऱ्या केसांचा, फिटरचा कान. काकी मागून म्हणायच्या, "अवो, तोंड दावा त्याला," की तात्या क्षणभर तोंड दाखवायचे आणि लगेच पुन्हा कान लावायचे.

"तात्या, असं का बसता?" त्यानं विचारलं.

"मान आखाडलीया."

"आवाज बरोबर येतोय ना?"

"झ्याक येतोय. तू बोल."

ज्या माणसाला पंख्याचा खटखट आवाज सहन होत नाही म्हणून मध्येच जेवण टाकून स्टुलावर चढताना मी पाहिलंय, तो माणूस तीन आठवडे असा वाकडा बसला. शेवटी मान खरंच आखडली. काकी शेकायच्या आणि पुटपुटायच्या. मी दोनदा जाऊन म्हणाले, "आता पुरे करा हा हट्ट, द्या इकडं." दोन्ही वेळा तात्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी चहा पिऊन परत आले.

गुपित फोडलं ते काकींनी. एका संध्याकाळी मीही तिथंच होते. तात्या कान लावून बसलेले, आणि काकी एकदम पुढं होऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "संदीप, ह्यांची मान उगी आखाडली न्हाय. तुज्या त्या मशिनीचा आवाज एकाच अंगानं येतोय. बाई कवाधरनं म्हंत्यात, काढून पुन्ना बसवते. पन हे हात लावू दीनात."

पलीकडं संदीप कॅमेऱ्याजवळ सरकला. मग तो म्हणाला, "खोललं नाही?"

तात्या पडद्याकडं वळले. पहिल्यांदाच पूर्ण तोंड दाखवून बसले आणि, ऐकू किती येत होतं कोण जाणे, पण म्हणाले, "न्हाय. तू बसवलंयस ना. चांगलं बसवलंयस."

असं वाक्य त्या घरात पूर्वी बोललं गेलं असेल तर मला माहीत नाही. काकी पदराचा शेव चाचपत उभ्या राहिल्या. संदीपनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "वहिनींना नका त्रास देऊ. मी येतो रविवारी."

दिवाळी अजून लांब होती. तरी तो आला. सकाळच्या गाडीनं, खिशात पेन ड्राइव्ह घेऊन. ओट्यावरच बसला. तात्यांनी पोतं अंथरून ठेवलं होतं, ते त्यानं बाजूला केलं नाही, त्यावरच मांडी घातली. तात्या त्याच्या शेजारी, हात गुडघ्यांवर. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच रेंगाळले, खोटं कशाला बोलू. संदीपनं सगळं पुसलं. मग एकेक करून पुन्हा बसवायला घेतलं. साडेतीन तास लागले. त्या साडेतीन तासांत तात्यांनी एकही सूचना केली नाही. दोनदा त्यांचा हात पुढं आला, दोनदा त्यांनी तो मागं घेतला. संदीपच्या ते लक्षात आलं असावं, कारण नंतर तो काय करतोय ते मोठ्यानं सांगायला लागला, बापाच्या डाव्या कानाकडं तोंड करून. "आता आवाजाचं टाकतोय, तात्या. हेच मागच्या वेळी राहिलं होतं."

"ऱ्हातं," तात्या म्हणाले. "माजा तर यकदा आख्खा बेरिंग ऱ्हायला व्हता. हंगाम चालू झाल्यावं समजलं. जीएम सायबानं मला सगळ्यांदेखत झापला."

संदीपनं मान वर करून बघितलं. "हे कधी सांगितलं नाही तुम्ही."

"सांगायसारकं हाय व्हय त्ये?"

दोघंही हसले. काकींनी आतून विचारलं की जेवायला वाढू का, आणि संदीप म्हणाला, "वाढ. पोळ्या जास्त कर, संध्याकाळी घेऊन जातो." दुपारी दोन्ही बाजूंनी कीर्तन दणदणीत वाजलं, आमच्या घरापर्यंत ऐकू आलं. तो शेवटच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. मधल्या भिंतीपलीकडून तात्या आले. इकडंतिकडं बघितलं. काकी आत आहेत याची खात्री करून घेतली आणि भिंतीवर कोपर टेकून हळूच म्हणाले, "बाई, लॅपटॉप यकदम ब्येस चालतोय."

"मग छान झालं की."

"छान हायच." त्यांनी पुन्हा एकदा दाराकडं बघितलं. "पन म्या काय म्हंतो, ह्याच्यात आनिक काय काय बिघडतं वो?"

एकोणीस वर्षं मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर बिघडू नये म्हणून काय काळजी घ्यावी ते शिकवत आले. हातातला तांब्या मी कट्ट्यावर ठेवला, भिंतीपाशी गेले आणि त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन, पुण्याहून माणूस आल्याशिवाय नीट होणार नाहीत अशा चार गोष्टी सांगितल्या.